मागचे दोन स्पीकर

“सर, तुमचा टेप पाच मिंटं वाजतोय आन् गप बसतोय. लाईट चालू, आकडं चालू, आवाजच न्हाई.”

हा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत होतो. तासगावचे व्हॅनवाले दादा बोलत होते. चारच दिवसांपूर्वी त्यांनी माझ्याकडून १,८०० रुपयांना तो टेप नेला होता. आमच्याकडे गाडीतल्या स्टिरिओला अजून टेपच म्हणतात, कॅसेटी जाऊन कितीही वर्षं झाली तरी. त्यांची ऑम्नी आहे, शाळेची मुलं नेतात आणतात. टेप न्यायला सांगलीला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बॅटरी लावून दहा मिनिटं वाजवून दाखवला होता. नोटा मोजून दिल्या, पेनड्राइव्ह लावून बघितला आणि समाधानाने गेले होते.

टेप माझ्या वडिलांच्या अल्टोतला. २०१४ मध्ये मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्यांच्यासाठी घेऊन आला होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वडिलांनी गाडी चालवणं सोडलं, गाडी विकली. टेप मी आधीच काढून ठेवला होता, कारण जुन्या गाडीच्या किमतीत टेपचे पैसे कुणी वेगळे देत नाही. जाहिरातीत मी लिहिलं होतं: ‘एकच हात वापर, यूएसबी, ब्लूटूथ, रेडिओ, चारही चॅनेल ओके.’ शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा. चॅनेल म्हणजे टेपमधून एकेका स्पीकरला जाणारी वेगळी वाट. ते लिहिताना माझा हात जराही थांबला नव्हता.

फोनवर मी चार प्रश्न विचारले. १९९६ साली आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक केलंय. नोकरी हिशेबाची लागली, पण हात अजून त्या कामात रमतो. आवाज गेला की स्पीकरमधून बारीक सूं असा आवाज राहतो का? “पार शांत.” व्हॉल्यूमचा आकडा वर-खाली होतो? “हुतोय की.” मग परत कधी वाजतो? “शाळंपाशी गाडी बंद करून अर्धा तास थांबलो की वाजतोय. परत पाच मिंटं.” आणखी काही? “घड्याळ सारखं बारावर येतंय. आन् सांगली स्टेशन नीट लागंना.”

या उत्तरांत सगळं होतं. अर्धा तास थांबलं की परत वाजतो, म्हणजे काहीतरी तापतंय आणि निवल्यावर सुरू होतंय. हे मला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. पण मार्चअखेर होती, समोर माणसं उभी होती, आणि खरं सांगायचं तर मनात पाल चुकचुकली होती. वापरून बघायचा, मग खोट काढून पैसे परत मागायचे, असं करणारे लोक भेटलेले आहेत. मी म्हणालो, “दादा, टेप काढून रविवारी घेऊन या, बघतो.”

ते आले, टेप ठेवून गेले. घरी माझ्याकडे यूपीएसमधली बारा व्होल्ट सात एएचची बॅटरी आहे, तिच्यावर चार्जर ठेवून टेप जोडला. पिवळी आणि लाल वायर प्लसला, काळी मायनसला. कपाटावरचे दोन जुने स्पीकर घेतले, एक टेपमागच्या पांढऱ्या वायरींच्या जोडीला, दुसरा राखाडी जोडीला. आवाज निम्म्याच्या वर ठेवून तीन तास वाजवला. एकदाही बंद पडला नाही. मागची अॅल्युमिनियमची पट्टी कोमट झाली, बस. मी त्यांना फोन करून सांगितलं की टेपमध्ये काही दोष नाही, तुमच्या गाडीची वायरिंग बघून घ्या. माझ्या स्वरात थोडी जरब होती, ते मला बोलतानाच जाणवलं. ते काही बोलले नाहीत. सोमवारी संध्याकाळी येऊन टेप घेऊन गेले.

बुधवारी परत फोन. “सर, तेच. मी काय खोटं बोलाय न्हाई.”

त्या एका वाक्याने मला लाज वाटली. वडील बाजूला बसून ऐकत होते. ते म्हणाले, “टेप इथं आणून काय बघतोस? तो बिघडतोय त्यांच्या गाडीत. गाडीत जाऊन बघ.” एवढी सरळ गोष्ट. शनिवारी दुपारी पतसंस्था सुटल्यावर मीटर, पकड, स्क्रू ड्रायव्हर, चिकटपट्टी, थोडी वायर आणि दीड व्होल्टचा सेल पिशवीत टाकला आणि निघालो. कवलापूर, कवठेएकंद करत तासगाव. दादांचं घर गावाबाहेर, समोर आंगण, आंगणात पिवळी ऑम्नी. ते बनियनवरच बाहेर आले, आत जाऊन शर्ट घालून आले आणि म्हणाले, “आधी पाणी घ्या.”

पहिल्यांदा बॅटरी मोजली. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट, इंजिन चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग दोन्ही ठीक. मग टेप बाहेर ओढला आणि तो वाजत असतानाच त्याच्या मागच्या वायरींवर मोजलं. हे महत्त्वाचं आहे. टेप बंद असताना सडक्या जोडावरही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण त्यातून करंट जातच नसतो. टेप वाजायला लागला, ताल पडला, की त्याच जोडावर व्होल्ट कोसळतात. इथे मात्र आवाज वाढवूनही १३.६ च्या खाली काही आलं नाही. सप्लाय चांगला होता. मागचा दहा अँपिअरचा फ्यूजही शाबूत.

घड्याळाचं कोडं लगेच सुटलं. बाजारात मिळणाऱ्या टेपांना दोन प्लसच्या वायरी असतात. पिवळी कायम बॅटरीवर राहायची असते, तिच्यावर घड्याळ आणि साठवलेली स्टेशनं टिकतात. लाल चावीवर असते, चावी फिरवली की टेप जागा होतो. इथे दोन्ही एकत्र पिळून चावीच्या वायरला जोडल्या होत्या. चावी काढली की टेपच्या दृष्टीने बॅटरीच काढली. रोज सकाळी तो नव्याने जन्माला येत होता. फ्यूजबॉक्सवर मीटर लावत गेलो. चावी काढल्यावरही बारा व्होल्ट देणारी एक वायर सापडली, हॅझार्ड लाइटची. पिवळी तिथे नेली, मध्ये वेगळा फ्यूज टाकला. पंधरा मिनिटांचं काम.

पण आवाज जाण्याचा याच्याशी संबंध नव्हता. पुढचे दोन स्पीकर बघितले, डॅशबोर्डखाली. प्रत्येकाला दोन-दोन वायरी, जोड स्वच्छ. टेप लावला, गाणं सुरू झालं. मी मनगटावरचं घड्याळ बघत बसलो. सहा मिनिटं आणि काही सेकंद झाली आणि आवाज गेला. डिस्प्लेवर गाण्याचा वेळ पुढे सरकतोय, आणि गाडीत शांतता. मी टेपच्या मागच्या पट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला. घरी तीन तासांत जी कोमट झाली होती ती इथे सहा मिनिटांत हात ठेववेना इतकी तापली होती.

आता चुकीला जागा नव्हती. टेपमधल्या अॅम्प्लिफायरच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या भागाच्या, आयसीला (चिपला) स्वतःचं संरक्षण असतं. ती ठरावीक मर्यादेपलीकडे तापली की स्वतःला बंद करते आणि निवली की सुरू होते. व्हॅनवाले दादा पहिल्या दिवसापासून अगदी हेच सांगत होते. प्रश्न एवढाच की तिला इतकं तापवतंय कोण?

मी मागच्या स्पीकरकडे गेलो. मागच्या दाराजवळ दोन्ही बाजूंना प्लायच्या फळीत सहा इंची स्पीकर बसवलेले होते, टेपच्याही आधीपासूनचे. उजव्याची जाळी काढली. दादांना म्हटलं, “चावी फिरवा.” त्यांनी फिरवली आणि स्पीकरमधून ‘धप्’ असा आवाज आला. मी डोळे स्पीकरच्या कोनवर, म्हणजे थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यावर, ठेवून बसलो होतो. काळा कागदी कोन दोन-तीन मिलिमीटर पुढे सरकला, आणि तिथेच थांबला. मागे आलाच नाही. गाणं सुरू झाल्यावर त्या पुढे आलेल्या जागीच तो थरथरत राहिला. दम कोंडून धरलेल्या माणसाची छाती दिसते तसा. “बंद करा,” म्हटलं. कोन मागे बसला. “चालू करा.” धप्, परत पुढे.

चांगल्या स्पीकरचा कोन गाणं नसताना मधोमध असतो, गाण्याबरोबर पुढे-मागे होतो. तो एका बाजूला ढकलला जातोय, म्हणजे त्याच्यातून सतत एकाच दिशेने करंट वाहतोय. मीटर डीसीवर, म्हणजे अशा एकाच दिशेच्या विजेवर, घेऊन स्पीकरच्या दोन टोकांवर लावला. ५.८ व्होल्ट. तिथे शून्याच्या आसपास काहीतरी यायला हवं होतं.

वायर कुठे जाते ते बघितलं. स्पीकरच्या प्लसला एक वायर पुढून, टेपकडून येत होती. मायनसची वायर मात्र वीतभर लांबीची, आणि ती शेजारीच गाडीच्या पत्र्याला एका गंजलेल्या स्क्रूने बसवलेली. याला बॉडी अर्थ म्हणतात, गाडीचा पत्राच मायनस म्हणून वापरायचा. मग पुढे येऊन टेपच्या मागचा गुंता सोडवला. हिरवी आणि जांभळी वायर मागे गेलेल्या. आणि त्यांच्या जोडीदारणी, हिरवीवर काळी रेघ असलेली आणि जांभळीवर काळी रेघ असलेली, या दोघी कापून, टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळून तशाच सोडून दिलेल्या. ज्या दुकानात त्यांनी ३०० रुपये देऊन टेप बसवून घेतला होता, तिथल्या पोराला मागून दोनच वायरी येताना दिसल्या. त्याने दोनच जोडल्या.

यात तो पोरगा अगदीच चुकला असं मला म्हणवत नाही. जुन्या कॅसेटवाल्या बऱ्याच टेपांत हे चालत असे. त्यांच्या अॅम्प्लिफायरमधून स्पीकरला एकच वायर जायची, मध्ये एक मोठा कपॅसिटर डीसी अडवायचा आणि स्पीकरची दुसरी बाजू सरळ बॉडीला. वायर वाचायची. आवाज चारेक वॅटच मिळायचा, पण गाडीत तेवढा पुरत असे. आताच्या टेपांत एका स्पीकरला दोन अॅम्प्लिफायर दोन्ही बाजूंनी चालवतात. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, त्यामुळे त्याच बारा-चौदा व्होल्टांत चौपट ताकद मिळते. खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ छापलेलं असलं तरी चार ओहमच्या स्पीकरवर स्वच्छ आवाज वीस-बावीस वॅटच्या पुढे फारसा जात नाही, तो हिशेब १४.४ व्होल्टांतच अडतो. पण महत्त्वाचा मुद्दा असा की या रचनेत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सहाच्या आसपास व्होल्ट कायम उभे असतात. दोन्हीकडे सहा, म्हणून स्पीकरला काही जाणवत नाही. त्यातली एक बाजू काढून बॉडीला लावली की एकीकडे सहा आणि दुसरीकडे शून्य. मायनसवर काळी रेघ असली तरी ती वायर म्हणजे अर्थ नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवायला हवं.

चार ओहमच्या स्पीकरची कॉइल, म्हणजे आतलं तारेचं वेटोळं, मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवते. सहा व्होल्ट, साडेतीन ओहम, म्हणजे दीड अँपिअरपेक्षा जास्त करंट सतत. गाणं असो वा नसो, नऊ-दहा वॅट स्पीकरच्या कॉइलमध्ये आणि तेवढेच आयसीच्या पोटात जळत होते. म्हणून सहा मिनिटं.

खात्री करायची म्हणून मागच्या दोन्ही वायरी टेपपासून तोडल्या आणि पुढच्या दोन स्पीकरवर टेप सोडून दिला. वहिनींनी चहा आणला. चहा झाला, द्राक्षाच्या दराचं बोलणं झालं, दादांच्या थोरल्या मुलीची दहावीची परीक्षा झाली होती तिचं बोलणं झालं. चाळीस मिनिटं टेप वाजत राहिला. पट्टीला हात लावला, कोमट. दादांनीही हात लावून बघितला. “म्हंजे तुमचाबी टेप चांगला, माझीबी गाडी चांगली,” ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला, आणि त्याच वेळी सोमवारची ती जरब आठवली. मी म्हटलं, “दादा, फोनवर जरा जास्तच बोललो मी.” त्यांनी हाताने ते उडवून लावलं.

गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दहा मीटर जोडवायर आणली. पायाखालचं मॅट उचलून टेपपासून मागच्या प्रत्येक स्पीकरपर्यंत दोन-दोन वायरी ओढल्या, पत्र्याच्या कडा लागतील तिथे पाइपचा तुकडा घातला, मायनसच्या वायरी त्या गंजक्या स्क्रूवरून सोडवल्या. हे सगळं करताना मला वाटत होतं की आता अर्ध्या तासात निघू.

टेप लावला. उजवा स्पीकर सुरेख वाजला, कोन जागच्या जागी. डावा गप्प.

“त्यो पयल्यापासनंच बंद हाय. जुना हाय, गेला आसंल,” दादा म्हणाले. मीही तेच म्हणणार होतो. पिशवीतला दीड व्होल्टचा सेल काढून त्याच्या वायरी डाव्या स्पीकरला क्षणभर टेकवल्या. स्पीकर जिवंत असेल तर ‘कट्ट’ वाजतं. वाजलं. चांगलं खणखणीत. मग टेपमागे उजव्याच्या वायरी डाव्याला जोडल्या. डावा स्पीकर गाऊ लागला. वायरी अदलाबदल केल्या, उजवा मुका झाला. स्पीकर चांगला, नवी वायर चांगली. मग उरलं काय? टेपचं हिरवं चॅनेल. डावं मागचं.

मी गाडीच्या पायरीवर बसलो. वडिलांच्या अल्टोत पुढे दोनच स्पीकर होते. मागे कधी बसवलेच नाहीत, मागे कुणी बसतच नव्हतं. दादांसमोर दहा मिनिटं वाजवून दाखवला तेव्हा दोन स्पीकर लावले होते. नंतर तीन तास वाजवला तेव्हाही दोनच, पांढऱ्या आणि राखाडी जोडीला. म्हणजे पुढची चॅनेल मी दोनदा तपासली होती, आणि हिरवी-जांभळी जोडी इतक्या वर्षांत एकदाही नाही. तरी लिहिलं होतं, ‘चारही चॅनेल ओके’. दोन चालतात तर उरलेली दोनही चालणारच, असं मी धरून चाललो होतो.

दादांना मी तिथल्या तिथे सांगितलं. सांगताना एक वाट उघडी होती, ती लपवत नाही. काही दिवस बॉडी अर्थवर चालल्यामुळे चॅनेल जळलं असेल, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटं आहे असं तेव्हा मलाही माहीत नव्हतं. म्हणून एवढंच म्हणालो, “हे माझ्याकडूनच आलंय की इथं झालंय, ते उघडून बघितल्याशिवाय कळणार नाही. पण मी हे चॅनेल कधी तपासलंच नव्हतं, हे खरं.” टेप परत पिशवीत घेतला.

रात्री जेवण झाल्यावर उघडला. वरचं झाकण चार स्क्रूंचं. बाजूच्या अॅल्युमिनियमला चिकटून पंचवीस पायांची अॅम्प्लिफायरची आयसी उभी होती. मी बोर्ड उलटा केला, टेबललॅम्प तिरका धरला आणि वडिलांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं. एकेक पाय बघत गेलो. सोल्डरचा प्रत्येक थेंब चकचकीत, डोंगराच्या उताराचा. अकरा-बारा पायांनंतर एक असा आला की त्याच्याभोवती केसाएवढी बारीक काळी गोल रेघ होती. पाय आणि सोल्डर यांच्यामध्ये भेग. टेप बॅटरीवर लावला, हिरव्या जोडीला स्पीकर जोडला आणि लाकडी काडीने तो पाय हळूच दाबला. गाणं आलं. काडी उचलली, गाणं गेलं. दाबली, आलं.

ड्राय सोल्डर. आयसी तापते, पाय लांबतो. निवते, आखडतो. वर रस्त्यांचे हादरे. वर्षानुवर्षं असं होऊन सोल्डर पायाभोवती सुटतं. भेगेच्या कडा काळवंडल्या होत्या, मळ बसला होता. हे चार दिवसांचं काम नव्हतं. टेप माझ्या घरातून निघाला तेव्हाच डावं मागचं चॅनेल मेलेलं होतं.

फ्लक्स लावून जुनं सोल्डर शोषून काढलं, नवं भरलं. शंका नको म्हणून आयसीचे पंचवीसही पाय पुन्हा सोल्डर केले. या वेळी चार स्पीकर गोळा केले, दोन शेजाऱ्यांच्या जुन्या म्युझिक सिस्टिमचे. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून चारही कोपरे एकेक करून ऐकले. प्रत्येक जोडीवर डीसी मोजलं, कुठेही दहा-वीस मिलिव्होल्टच्या वर नाही. मग एक तास वाजवला, बोर्ड बोटांनी ठोकत.

सांगली स्टेशनचं राहिलं होतं. सांगली आकाशवाणी मीडियम वेव्हवर १२५१ किलोहर्ट्झला आहे. मी बटण दाबत गेलो, १२४०, १२५०, आणि एकदम १२६०. १२५० वर आवाज यायचा, पण दबका आणि स वर चिरकणारा. वडील आतून म्हणाले, “बॅटरी काढली होतीस ना? मग तो अमेरिकेवर गेला असेल. मेनूत जाऊन नऊ कर.” तेव्हा आठवलं. अमेरिकेत मीडियम वेव्हची स्टेशनं दहा-दहा किलोहर्ट्झच्या अंतरावर असतात. आपल्याकडे १९७५ च्या जिनिव्हा योजनेनुसार नऊ-नऊच्या. पुण्याचं ७९२ घ्या, सांगलीचं १२५१ घ्या, नऊने पूर्ण भाग जातो. दर वेळी बॅटरी बदलली की वडील हे स्वतः करत असत, कारण सकाळचं शेतीचं ऐकायचं असे, आणि माझ्या लक्षातही यायचं नाही. व्हॅनमध्ये चावी काढली की रोजच बॅटरी काढल्यासारखं होत होतं, म्हणून टेप रोज अमेरिकेला जात होता. पिवळी वायर हॅझार्डवर गेल्यावर हे दुखणंही संपणार होतं. स्टेप नऊ केली. १२४२, मग १२५१. निवेदिकेचा आवाज स्वच्छ. वडील भिंतीला टेकून उभे राहून बातम्या संपेपर्यंत ऐकत होते.

रविवारी सकाळी परत तासगाव. टेप बसवला, चारही स्पीकर वाजवले, चावी काढून पाच मिनिटांनी परत लावली, घड्याळ बरोबर होतं आणि स्टेशन १२५१ वर. वायर आणि पाइपचे २६० रुपये मी दिले होते, ते त्यांना देऊ दिले नाहीत. वर ५०० रुपये परत केले. दुकानात बसवणावळीचे त्यांचे ३०० वाया गेले होते, आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी चार चॅनेलची किंमत दिली होती. त्यांनी दोनशे काढून माझ्या खिशात परत कोंबले, “पेट्रोल.” बरीच ओढाताण झाली, शेवटी ते दोनशे वहिनींच्या हातात देऊन मी सुटलो.

जाहिरात आता काढून टाकली आहे. पण घरात अजून एक जुना अॅम्प्लिफायर विकायचा पडला आहे. त्याच्या मजकुरात मी लिहिलं आहे: ‘पुढची दोन चॅनेल तपासली, चालू. ब्रिज करून वापरलेला नाही, तपासलेलं नाही.’ ब्रिज म्हणजे दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवणं. एका माणसाने फोन करून विचारलं की असं का लिहिलंय, काही भानगड आहे का. मी म्हटलं, नाही, तेवढंच मला माहीत आहे.

त्या रविवारी तासगावहून निघताना उजव्या मागच्या स्पीकरची जाळी लावण्याआधी मी त्याचा कोन दोन बोटांनी हलकेच आत दाबला. अगदी बारीक ‘खर्र’ झालं. इतके दिवस सहा व्होल्टवर भाजून कॉइल थोडी फुगली आहे, आत घासते आहे. कमी आवाजात कळत नाही, पण मृदंग-पखवाजाचं काही मोठ्याने लावलं की फाटतं. दादांना ऐकवलं. ते म्हणाले, चालतंय, पोरांच्या दंग्यात कोण ऐकतंय. सहा इंची, चार ओहम, मागच्या भोकांचं अंतर मी टेपपट्टीने मोजून कागदावर घेतलं आहे. सांगलीत तसाच जुना पण चांगला मिळाला की पुढच्या रविवारी घेऊन जाणार आहे.